लपवलेली चप्पल

रडतं लेकरू गप्प करण्यात माझा हात धरणारं आमच्या भागातल्या अंगणवाड्यांत कोणी नव्हतं. हे मी म्हणत नाही; आमच्या सुपरवायझर मॅडम भर बैठकीत म्हणायच्या आणि मी मान खाली घालून लाजल्यासारखं करायचे. आतून मात्र फुगलेली असायचे. सेनगाव तालुक्यातल्या एका गावात तेहेतीस वर्षं मी अंगणवाडी चालवली, आणि त्यातली बरीचशी वर्षं ह्या एका गुणाच्या बळावर मिरवत काढली. आज त्याच गुणाबद्दल लिहायचं आहे, पण मिरवायला नाही.

अंगणवाडीची बाई म्हणजे खिचडी वाटणारी बाई, असं बाहेरच्यांना वाटतं. खिचडी तर मदतनीस शिजवते. आमच्याकडं रशीदाभाभी शिजवायच्या आणि त्यांच्या हाताला चव होती. माझं काम म्हणजे लेकरांची वजनं करायची, लसीच्या दिवशी पळून जाणाऱ्या आयांना घरातून काढून आणायचं, गरोदर बायांची नोंद ठेवायची, आणि डझनभर रजिस्टरं भरायची. आता ती रजिस्टरं मोबाइलमध्ये गेली आणि डोंगरात रेंज शोधायचं नवं काम आलं. पण खरं काम ज्याला म्हणावं, त्याला कुठल्याच रजिस्टरात रकाना नव्हता. सकाळी आईच्या कडेवरून लेकरू उतरवून घ्यायचं आणि आई दिसेनाशी होईपर्यंत त्याला तिची आठवण होऊ द्यायची नाही. ह्याला आम्ही 'गुंतवून ठेवणं' म्हणायचो.

माझी रीत ठरलेली. कुणाला बांगड्या वाजवून दाखवायच्या, कुणाला डबा उघडून दाखवायचा. सगळ्यात भरवशाची माती. ओला गोळा हातात दिला की लेकरू मान खाली घालतं. मान खाली गेली की मी भुवई उडवायची आणि आईनं भिंतीच्या कडेनं सटकायचं. लेकरू वर बघतं तेव्हा आई नसते. थोडं रडतं, मग खिचडीचा वास येतो, दुपारी आई येते. रोजच्यासाठी ही रीत वाईट होती असं मी आजही म्हणणार नाही.

पण आमच्या गावात दरवर्षी दिवाळी सरली की मारुतीच्या पाराजवळ ट्रक लागतात. नवरा-बायकोच्या जोड्या उसाच्या तोडणीला परमुलखात जातात त्या होळी झाल्यावर परततात. काही लेकरं सोबत जातात, काही आजीजवळ राहतात. ट्रक निघायचा तो बरोबर साडेदहाला, अंगणवाडी भरल्यावर, आणि हा काही योगायोग नव्हता. आदल्या दिवशी आया माझ्याकडं येऊन सांगून जायच्या, "बाई, उद्या तेवढं गुंतवून ठेवा." मी ठेवायचे. मला कुणी सक्ती केलेली नव्हती. उलट मला ती सेवा वाटायची. लहान लेकराला काय कळतं, चार दिवसांत विसरतं, असं मीच आयांना समजावून सांगायचे.

एक बाई मात्र ऐकायला तयार नव्हती. गयाबाई तिचं नाव. तिनं पोरीला माझ्याकडं दिलंच नाही. भर रस्त्यात पोरीसमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "मी उसाला चालले. आजीजवळ ऱ्हा. होळी पेटली की मी येते." पोरीनं आकांत मांडला. तिनं आईच्या गळ्याला अशी मिठी मारली की सोडवता सोडवेना. मुकादम शिव्या देऊन राहिला, ट्रकमधल्या बाया चुळबुळ करू लागल्या, आणि मी गयाबाईवर खेकसले, "काहून लेकराचा जीव घेऊन राहिलीस? गुपचूप निघून जाता येत न्हाई का?" ती म्हणाली, "चोरी केली का बाई मी, गुपचूप जायला?" पोरीची हनुवटी धरून तिनं तेच वाक्य पुन्हा सांगितलं आणि ट्रकमध्ये चढली. पोरगी दुपारपर्यंत रडली. मला त्या बाईचा राग आला तो कितीतरी वर्षं गेला नाही.

परमेश्वर त्याच्या पुढच्याच वर्षीचा. चार वर्षं नुकती पूर्ण झालेली. त्याची आई कौसाबाई, शांत, कमी बोलणारी. त्या दिवशी तिनं त्याचे केस पाण्यानं चापूनचोपून बसवले होते, गालावर काजळाचा ठिपका लावला होता. त्याच्या मुठीत तिचा पदर होता. मी मातीचा गोळा पुढं केला आणि म्हटलं, "परमा, मला बैल करून दे बरं. शिंगं मोठी पाहिजेत." पदर सुटला. पोरगं मन लावून बैल करू लागलं. मी भुवई उडवली. कौसाबाई भिंतीला धरून गेली. जाताना तिनं मागं वळून पाहिलं नाही.

ट्रकचा आवाज आला आणि गेला. थोड्या वेळानं परमेश्वरनं मान वर केली. बैल तळहातावर धरलेला होता, आईला दाखवायला. त्यानं दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. आणि तो रडला नाही. बैल हळूच खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसला. मला वाटलं, वा, काय जमलं आज. खिचडी ढवळता ढवळता रशीदाभाभी म्हणाल्या, "बाई, बच्चा रोया नै. ये ठीक नै." मी हसून टाळलं. त्यांना कुठलं प्रशिक्षण झालंय, असं माझ्या मनात आलं होतं. ते लिहिताना आज लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडी सुटली तेव्हा माझी एक चप्पल सापडेना. बरीच शोधाशोध झाल्यावर ती तांदळाच्या पिंपामागं निघाली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग रशीदाभाभींची. मग वजनाला लेकरू घेऊन आलेल्या एका आईची. चोर सापडला तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. परमेश्वर कुणाचीही एकच चप्पल लपवायचा आणि शेजारी उभा राहून आमची शोधाशोध बघत राहायचा. मी एकदा त्याला धपाटाही घातला. लेकरं त्याला चप्पलचोर म्हणू लागली. महिन्याच्या बैठकीत मी हा किस्सा रंगवून सांगितला आणि सगळ्या सेविका हसल्या. चप्पल नसली की माणसाला जाता येत नाही, हा चार वर्षांच्या पोराचा हिशोब आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आला नाही.

होळीनंतर कौसाबाई परतली. ट्रकमधून उतरली ती थेट अंगणवाडीत आली, अंगावर उसाची धूळ तशीच. दोन्ही हात पसरून म्हणाली, "ये रे माझ्या राजा." परमेश्वर माझ्या पदराआड लपला. तिनं हात लावला तर अंग चोरून घेतलं. ती रडू लागली, आणि मी काय केलं? मनातल्या मनात सुखावले. लेकराला आईपेक्षा माझा लळा लागला, असं मला वाटलं. त्यानंतर आणखी दोन वर्षं ती उसाला गेली. दोन्ही वेळा मीच त्याला गुंतवून ठेवलं. मग तिच्या नवऱ्याची कंबर धरली आणि त्यांचं जाणं थांबलं.

पुढं प्रशिक्षणांत आम्हाला सांगू लागले की पहिल्या पाच-सहा वर्षांत लेकराचा ज्याच्यावर भरवसा बसतो किंवा उडतो, तोच भरवसा ते मोठेपणी घरादारात, संसारात घेऊन जातं. मी ते सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून घ्यायचे आणि वही मिटून जेवायला जायचे.

परमेश्वर मोठा झाला. आयटीआय केलं, सेनगावला पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग भरण्याचं दुकान टाकलं. विहिरीवरची जळालेली मोटार आणून द्यावी आणि त्यानं ती चालू करून द्यावी, असा हात. कुणाच्या अध्यात ना मध्यात. लग्न झालं तेव्हा मी अक्षता टाकून आले. बायको डोंगरकडा गावची, शीतल. बोलकी, हसरी पोरगी.

लग्नाला दोन वर्षं झाल्यावर शीतल गरोदर बायांच्या यादीत आली, म्हणजे माझ्या वहीत आली. वजनाला यायची ती कधी कधी अनवाणी. पहिल्यांदा मी विचारलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं, "चप्पल कुठंय गं?" म्हणाली, "सापडंना." तिसऱ्यांदा सातवा महिना लागला होता, उन्हाळा मी म्हणत होता आणि तिचे तळवे लाल झाले होते. मी तिला आत बसवून पाणी दिलं. ती एकाएकी रडू लागली.

"बाई, हे लपवतात. माहेराचं नाव काढलं की माझी चप्पल गायब. एवढा बाप्या मानूस, लोकं काय म्हनतील? बरं, गेले माहेराला तर दुसऱ्या दिवशी हे गाडी घेऊन दारात हजर. आन् परत आल्यावर चार-चार दिवस माझ्याशी बोलत न्हाईत. मी दिसले की तोंड फिरवतात. जेवन बी बाहीर करतात. मी नको असंल तर येऊ का देत न्हाईत, आन् पाहिजे असंल तर बोलत काहून न्हाईत?"

माझ्या हातातला वजनाचा तक्ता तसाच राहिला. तांदळाचं पिंप तिच्या पाठीमागंच होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. गुरुवारी तिचे वडील जीप घेऊन न्यायला येणार होते. परमेश्वरनं अजून हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. विषय निघाला की तो उठून जायचा. शीतलनं डोळे पुसले आणि अगदी शांतपणे म्हणाली, "आबासमोर त्यांनी तमाशा केला ना बाई, तर मी लेकरू घेऊन तिकडंच ऱ्हाईन. परत येनार न्हाई." तिच्या आवाजावरून कळत होतं की हे रागात बोललेलं नाही, ठरवलेलं आहे.

आता इतकं सगळं डोळ्यांपुढं असताना मी तिला काय सल्ला द्यावा? मी म्हटलं, "त्याच्यापुढं आता हा विषय काढू नको. गुरुवारी मी त्याला इकडं बोलावून घेते. तो गुंतला की तू निघ." हात सवयीचे असतात तसं डोकंही सवयीचं असतं. माझ्या तोंडून हे निघालं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट तमाशा टळेल म्हणून बरंच वाटलं.

गुरुवारी सकाळी मी अंगणवाडीच्या पाण्याच्या मोटारीची वायर हातानं ओढून काढली आणि दुकानाला न जाता घरीच थांबलेल्या परमेश्वरला फोन लावला, "मोटार बंद पडलीय, लेकरांना प्यायला पाणी न्हाई, जरा येऊन जा." तो लगेच आला. माझ्या शब्दाला तो कधी नाही म्हणत नसे. मोटारीपुढं उकिडवा बसला, पाने-पकडी मांडल्या आणि मान खाली घालून कामाला लागला. मी दारात उभी राहून त्यांच्या घराच्या दिशेला कान दिला. जीप आल्याचा आवाज झाला.

त्यानं मान वर केली. तळहातावर वायरचं टोक होतं, मला दाखवायला धरलेलं. "बाई, मोटार चांगली हाय. ही वायर कुनीतरी हातानं काढली." मग त्यानं दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. चोवीस वर्षांपूर्वीचा तोच चेहरा, फक्त मिशा आलेल्या.

"शीतल निघाली का?" त्यानं विचारलं.

मी नजर चुकवली. तोच म्हणाला, "तवाबी तुमीच बसवलं व्हतं. बैल करायला."

लहान लेकराला काय कळतं, असं म्हणत मी तेहेतीस वर्षं नोकरी केली. त्या एका वाक्यानं माझी नोकरी माझ्यापुढं आणून ठेवली. मी तिथंच जमिनीवर बसले आणि त्याला म्हटलं, "चुकलं रे माझं, परमा. तवाबी चुकलं आन् आजबी." माझं रडणं बघून तो ओशाळला असावा, कारण पकडी गोळा करू लागला. मी म्हटलं, "अजून निघाली नसंल. ऊठ, जा."

तो उठला नाही. वायरीशी चाळा करत म्हणाला, "जाऊन काय करू? मानूस निघालं की काय म्हनायचं असतं, बाई?"

मी गावातल्या प्रत्येक लेकराला गाणी शिकवली, हात धुवायला शिकवलं, रंग ओळखायला शिकवलं. हे शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, "कवा येशील म्हनून विचारायचं. बस. तेवढंच."

आम्ही दोघं सोबत निघालो. दारात जीप उभी होती. शीतलचे वडील पुढच्या सीटजवळ, कौसाबाई उंबऱ्यात, आणि शीतल पिशवी घेऊन अनवाणी. परमेश्वरला बघून तिचा चेहरा आवळला. आता काय ते होऊन जाऊ दे अशा बेतानं ती उभी राहिली. तो कुणाकडं न बघता घरात गेला. आत ज्वारीच्या कोठीचं झाकण वाजलं. बाहेर आला तेव्हा हातात तिच्या चपला होत्या. त्यानं त्या सदऱ्याला पुसल्या, तिच्या पायापुढं ठेवल्या आणि खाली बघूनच विचारलं, "कवा येशील?"

शीतल भांडायला तयार होती, ह्याला तयार नव्हती. तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग बोटांवर मोजत म्हणाली, "दोन महिने बाळंतपनाला. मंग सव्वा महिना. पोळ्याच्या आदी येते." चपला पायांत घालत म्हणाली, "रोज फोन करीन. तुमी बी या. पर बोलवायला न्हाई, भेटायला." त्यानं मान हलवली. जीप वळणाआड गेली तरी तो रस्त्याकडं बघत उभा होता.

उंबऱ्यात कौसाबाईनं पदर तोंडाला लावला होता. मला म्हणाली, "ते रडलं असतं तर माझा पाय उचलला नसता, बाई. म्हनून न सांगता गेले." ते तिनं मुलाला सांगायला हवं होतं. तो चार हातांवर उभा होता, त्यानं ऐकलं असेल. तिच्यावर बोट दाखवायचा अधिकार मला तर नाहीच. ती पोटासाठी गेली होती, मी मात्र शाबासकीसाठी भुवया उडवत होते.

इथं एक गोष्ट सांगून टाकते. शीतलला मी नंतर फोनवर स्पष्ट सांगितलं की तो असा का वागतो हे कळलं म्हणून ते सोसलंच पाहिजे असं नाही. माहेरी जाणं तुझा हक्क आहे, चप्पलही तुझी आहे. ती म्हणाली, "सोसनार न्हाई बाई. पर आता भ्या वाटत न्हाई त्यांचं." आणि आईबाप उसाला गेलेल्या सगळ्याच लेकरांचं असं होतं, असंही नाही. पुष्कळांचे संसार बरे चाललेत. गयाबाईची ती आकांत करणारी पोरगी जवळा बाजार ह्या गावी दिली आहे, नवऱ्यासोबत कापडाचं दुकान बघते, माहेरी आली की चार दिवस मजेत राहते. ते तिच्या आईच्या त्या एका वाक्यामुळंच, असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण गयाबाईला भेटून मी तिची माफी मागितली. तिला तो प्रसंग आठवतही नव्हता.

शीतल पोळ्याच्या दोन दिवस आधी परतली, मुलीला घेऊन. परमेश्वर त्या दिवशी तिच्याशी बोलला नाही, सरळ दुकानात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आपणहून घरी आला, मुलीला मांडीवर घेतलं आणि बायकोला म्हणाला, "जेवायला वाढ." अबोला चार दिवसांवरून दीड दिवसावर आला, असं शीतल मला हसत सांगत होती. नंतरही एकदा चप्पल गायब झाली. तिनं शोधली नाही. त्याच्यापुढं हात पसरून उभी राहिली आणि त्यानं काढून दिली. अशानंच चाललं आहे त्यांचं, आणि बरं चाललं आहे.

मी निवृत्त झाले. अंगणवाडी माझ्या घरासमोरच असल्यानं सकाळी ओट्यावर बसून तिकडंच बघत असते. जूनमध्ये परमेश्वर त्याच्या मुलीला, आराध्याला, पहिल्यांदा घेऊन आला. नवी बाई तरुण आहे, हुशार आहे. तिनं रंगीत ठोकळे पुढं केले आणि परमेश्वरकडं बघून हळूच भुवई उडवली. ही खूण तिला कुणी शिकवली ते मला माहीत आहे. तो हलला नाही. मुलीसमोर उकिडवा बसला, तिचे हात ठोकळ्यांवरून काढून आपल्या हातात घेतले आणि म्हणाला, "मी दुकानाला चाललो. तुझी खिचडी खाऊन झाली की मी येतो."

आराध्यानं गाव डोक्यावर घेतलं. ती दारापर्यंत धावली, जमिनीवर लोळली, तिनं ठोकळे फेकले. तो जाताना दोनदा मागं वळला आणि दोन्ही वेळा तिला हात दाखवला. नवी बाई बावरून माझ्या ओट्याकडं बघू लागली, मी येऊन गुंतवावं म्हणून. मी तिला खुणेनंच सांगितलं, राहू दे. ते रडणं मी शेवटपर्यंत ऐकलं, आणि मला त्याचा इतका आधार वाटला की माझेही डोळे भरून आले. दुपारी तो आला तेव्हा तिची खिचडी संपायची होती. दारात त्यानं चप्पल काढल्याचा आवाज झाला, आराध्यानं वर पाहिलं आणि खरकट्या हातांनी धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडली. ती कुणाच्या पदराआड लपली नाही.